परदेशी भाषा आणि शालेय विनिमय : जाणं, येणं आणि मधली तयारी



एक प्रसंग सांगून सुरुवात करते. नववीतली एक मुलगी, जर्मन विषयात वर्गात पहिली. एके दिवशी शाळेत जर्मनीहून एक पाहुण्या बाई आल्या. त्यांनी हसत हसत तिला जर्मनमध्ये विचारलं, "तू शाळेत कशी येतेस?" मुलीला 'बस' हा शब्द माहीत होता. 'मिट' या शब्दानंतर कोणती विभक्ती येते, हा नियम तर तिने दोनच आठवड्यांपूर्वी फळ्यावर लिहून दाखवला होता. पण ती नुसतीच उभी राहिली. मग खाली बघून इंग्रजीत म्हणाली, "बाय बस."

पाहुण्या बाईंना काहीच वाटलं नाही. वाईट वाटलं ते मला, कारण तिला शिकवणारी मीच होते. नंतर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, मला सगळं येत होतं हो. पण कुणी खरंच विचारेल असं वाटलंच नव्हतं."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. परदेशी भाषा शिकवणाऱ्या आपल्या सगळ्यांची अडचण त्यात आहे. आपण भाषा शिकवतो, पण त्या भाषेत मुलांना कुणी खरंच काही विचारत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जगातल्या अनेक देशांनी एक मार्ग काढला, तो म्हणजे शालेय विनिमय. म्हणजे इथल्या विद्यार्थ्याने तिथल्या घरात राहायचं, तिथल्या शाळेत जायचं, आणि तिथल्या विद्यार्थ्याने इथे यायचं. या लेखात आपण तीन गोष्टी बघू : विनिमयातून भाषा नेमकी कशी येते, तो चांगला कसा चालवतात, आणि तो आपल्या आवाक्यात कसा आणता येईल.

वर्गात काय येतं आणि काय राहून जातं

आधी वर्गाची बाजू घेते. वर्गात शिकलेलं वाया जात नाही. शब्द, वाक्यरचना, उच्चार, लिपी हा पाया वर्गातच घातला जातो. पायाच नसलेलं मूल परदेशी पाठवलं तर ते गोंधळून जातं. पण काही गोष्टी अशा असतात की त्या फळ्यावर सांगता येतात, अंगवळणी मात्र पडत नाहीत.

पहिलं उदाहरण 'तू' आणि 'तुम्ही'चं. जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी', फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'वू'. मराठी मुलांना हा फरक समजायला सोपा जातो, कारण आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण असे तीन प्रकार आहेत. पण कुठे काय वापरायचं? मराठी मूल स्वतःच्या आईला 'तू' म्हणतं आणि मैत्रिणीच्या आईला 'काकू, तुम्ही' म्हणतं. जर्मन घरात यजमान आई बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी सांगते, मला नावाने हाक मार आणि 'डू' म्हण. आपल्या मुलीची जीभ अडखळते. आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक कशी मारायची? आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरातून शाळेत गेल्यावर शिक्षकांना मात्र 'झी'च म्हणायचं असतं. हा बदल पुस्तकात एका ओळीत संपतो. घरात तो दिवसातून वीस वेळा करावा लागतो, तेव्हा कुठे तो आपला होतो.

दुसरं उदाहरण त्याहून छोटं आहे. समजा कुणी विचारलं, "तू येत नाहीस?" आणि तुम्हाला तर यायचंय. इंग्रजीत 'येस' म्हणावं की 'नो', असा मुलांचा नेहमी घोटाळा होतो. जर्मनमध्ये त्यासाठी खास शब्द आहे, 'डोख'. फ्रेंचमध्येही आहे, 'सी'. आणि मराठीत? "येतेय की!" आपला हा 'की' अगदी तेच काम करतो. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं खूश होतात, वहीत लिहूनही घेतात. पण तो शब्द वेळेवर तोंडातून बाहेर पडायला समोर कुणीतरी खरंच चुकीचं गृहीत धरावं लागतं : "तुला चीज आवडत नाही ना?" "डोख!" नाही म्हटलं तर ताटात चीज येणार नाही. अशी गरज पडली की शब्द पक्का होतो.

तिसरं उदाहरण जेवणाचं. जर्मनीत अनेक घरांत रात्रीचं जेवण म्हणजे पाव, चीज, थंड मांसाचे काप, काकडी-टोमॅटो. गरम काहीच नसतं. गरम जेवण दुपारी होऊन गेलेलं असतं. आपलं मूल ते ताट बघून 'हा नाश्ता असेल, जेवण मागून येईल' म्हणून वाट बघत बसतं. ते येत नाही. मग एक तर उपाशी झोपायचं, नाहीतर विचारायचं. आणि विचारण्यासाठी वाक्य जुळवावं लागतं. परीक्षेतल्या 'माझा आवडता पदार्थ' या निबंधापेक्षा त्या एका वाक्यात जास्त शिक्षण असतं.

या तिन्ही उदाहरणांत एकच गोष्ट आहे. भाषा गरजेतून येते. परदेशाची हवा, तिथली स्वच्छता, तिथल्या इमारती यांतून ती येत नाही. आपल्या भाषेत ज्यांच्याशी बोलता येत नाही अशा माणसांबरोबर रोजचं जगणं जगावं लागतं, त्यातून ती येते. विनिमयाला पाठिंबा द्यायचा तो या गोष्टीसाठी.

दोन शत्रू देशांनी काय केलं

शालेय विनिमयाचं एक मोठं आणि जुनं उदाहरण फ्रान्स आणि जर्मनीचं आहे. हे दोन शेजारी पाऊणशे वर्षांच्या काळात तीनदा एकमेकांशी लढले : १८७०-७१, १९१४-१८ आणि १९३९-४५. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा दोन्हीकडे अशी घरं होती की जिथे समोरच्या देशाचं नाव काढणंही नको वाटायचं.

सुरुवात गावांपासून झाली. १९५० मध्ये फ्रान्समधलं माँबेलियार आणि जर्मनीतलं लुडविग्सबुर्ग या दोन शहरांनी जुळी शहरं म्हणून नातं जोडलं. पुढे अशी नाती दोन हजारांवर गेली. जुळ्या शहरातल्या शाळा एकमेकींशी जोडल्या गेल्या आणि मुलं एकमेकांच्या घरी जाऊ लागली.

मग २२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये एलिझे करारावर सह्या केल्या. या करारात संरक्षण आणि परराष्ट्र धोरणाबरोबर तरुणांचा आणि एकमेकांच्या भाषा शिकण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रेंच-जर्मन युवा कार्यालय स्थापन झालं. त्याचा खर्च दोन्ही सरकारं निम्मा निम्मा उचलतात. तेव्हापासून या कार्यालयाच्या कार्यक्रमांतून ९० लाखांहून अधिक तरुण एकमेकांच्या देशात जाऊन आले आहेत.

थोडा विचार करा. ज्या आजोबांनी बंदूक धरली होती, त्यांच्याच घरात समोरच्या देशाचा चौदा वर्षांचा मुलगा पाहुणा म्हणून येतो आणि त्यांना मोडक्यातोडक्या भाषेत विचारतो, "आजोबा, मीठ देता का?" करारावर सह्या झाल्या पॅरिसमध्ये, पण तो पाळला गेला अशा जेवणाच्या टेबलांवर.

असंच आणखी एक उदाहरण आहे. आज जगभर शालेय विनिमय चालवणारी ए.एफ.एस. ही संस्था मूळची पहिल्या महायुद्धात जखमींची ने-आण करणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवक रुग्णवाहिका चालकांची. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ पासून तिने शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. युद्ध जवळून पाहिलेल्या माणसांना हे काम सुचलं, हे मला फार बोलकं वाटतं.

चांगला विनिमय कसा चालतो

फ्रेंच-जर्मन कार्यक्रमांकडून आपल्याला पद्धत शिकता येते. मला महत्त्वाचे वाटलेले मुद्दे असे :

१. जोडी आणि परतभेट. तिथल्या 'ब्रिजित सोझे' कार्यक्रमात विद्यार्थी साधारण दोन ते तीन महिने समोरच्या देशातल्या जोडीदाराच्या घरी राहतो, त्याच्याबरोबर त्याच्या शाळेत जातो. मग तो जोडीदार याच्या घरी येतो. 'व्होल्तेर' कार्यक्रमात हाच मुक्काम सहा-सहा महिन्यांचा असतो. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. त्यामुळे एका कुटुंबाने दुसऱ्याला राहण्या-जेवणाचे पैसे द्यायचा प्रश्नच येत नाही. तुमचं मूल आमचं, आमचं तुमचं.

२. शाळेत नियमित हजेरी. पाहुणा विद्यार्थी गणिताच्या तासाला बसतो, खेळाच्या तासाला धावतो. त्याला सगळं कळत नाही, पण कान तयार होतो.

३. प्रवासाला मदत. घरं राहण्याची सोय करतात, शाळा अभ्यासाची. उरतो प्रवासखर्च. त्यासाठी युवा कार्यालय अंतरानुसार अनुदान देतं.

४. तिसरी जागा. सगळ्याच गटांना घरांत राहणं जमत नाही. अशा वेळी दोन्ही देशांचे गट एखाद्या तिसऱ्या ठिकाणी, युवा वसतिगृहात वगैरे एकत्र राहतात. खोल्या, स्वयंपाक, खेळ, सगळ्यात मिश्र जोड्या. म्हणजे यजमान कुणीच नाही आणि पाहुणाही कुणीच नाही.

५. भाषेचे खेळ. पहिल्या दिवशी कुणाची जीभ उचलत नाही. म्हणून नावं, आवाज, हातवारे यांचे सोपे खेळ घेतात. चुकलं की सगळेच हसतात, कारण सगळेच चुकत असतात.

६. टँडेम पद्धत. टँडेम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल. ही पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीस याच फ्रेंच-जर्मन शिबिरांतून पुढे आली. नियम अगदी साधा : अर्धा वेळ तुझी भाषा, अर्धा वेळ माझी. ज्याची भाषा चालू असेल तो शिक्षक, दुसरा विद्यार्थी. वेळ संपली की भूमिका बदलायच्या.

यातला पहिला मुद्दा मी मुद्दाम वर ठेवला. आपल्याकडे 'एक्स्चेंज प्रोग्राम' नावाच्या जाहिराती येतात त्यांत पुष्कळदा जाणं असतं, येणं नसतं. दहा दिवस, चार शहरं, हॉटेलात मुक्काम, सोबत आपलीच पंचवीस मुलं आणि आपलेच शिक्षक. अशा प्रवासात मुलं खूप काही पाहतात आणि त्यात वाईट काही नाही. पण ती सहल आहे. सहलीला सहल म्हणावं आणि सहलीइतकेच पैसे मोजावेत. विनिमय या शब्दातच देणं-घेणं आहे. समोरच्या देशातलं मूल तुमच्या घरी येणार नसेल, तर विनिमय कसला?

परदेशी गेलं की भाषा आपोआप येते का?

पालकांचा हा आवडता समज आहे. खरं सांगायचं तर, नाही. परदेशात शिकून आलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं तर साधारण असं दिसतं की बोलण्याचा ओघ, ऐकून समजणं आणि धीटपणा चांगला वाढतो, व्याकरणातली अचूकता मात्र त्या वेगाने वाढत नाही. आणि सगळ्यांचा फायदा सारखाही नसतो. एकाच गावात राहून आलेल्या दोन मुलांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. हा फरक कशामुळे पडतो?

पहिलं कारण इंग्रजी. आपल्या मुलांना इंग्रजी येतं, जर्मन किंवा फ्रेंच मुलांनाही येतं. दोघं अडली की इंग्रजीवर उतरतात. तीन आठवडे संपतात आणि मूल परत येतं ते इंग्रजी सुधारून! यात मुलांचा दोष नाही. पाणी उताराकडेच वाहणार. म्हणून टँडेमसारखा नियम आधी ठरवून द्यावा लागतो. उदाहरणार्थ, सकाळचा नाश्ता आणि शाळेची वाट जर्मनमध्ये, संध्याकाळ पाहुण्याच्या भाषेत, आणि इंग्रजी फक्त तब्येत बिघडली किंवा काही अडचण आली तर.

दुसरं कारण फोन. पूर्वी घरी पत्र पोचायला पंधरा दिवस लागायचे. आता आई दिवसातून चारदा व्हिडिओ कॉल करते : "जेवलास का? काय जेवलास? दाखव बघू." माया कळते हो, पण मूल शरीराने तिथे आणि मनाने इथे राहतं. यजमान घरात सगळे टेबलाशी बसलेले असताना ते खोलीत मराठीत बोलत असतं. एक ठरलेली वेळ ठेवा, दोन-तीन दिवसांतून एकदा. बाकी वेळ त्याला त्या घराचं होऊ द्या.

तिसरं कारण आपलाच घोळका. एकाच शाळेची वीस मुलं एकाच वर्गात बसवली की ती आपसात मराठी-हिंदी-इंग्रजीच बोलणार. मुलं विखुरलेली हवीत.

आणि एक गोष्ट पालकांनी मनाची तयारी म्हणून लक्षात ठेवावी. सुरुवातीचे काही दिवस मूल जवळजवळ मुकं असतं. डोकं दुखतं, झोप येते, घरची आठवण येते. दिवसभर परकी भाषा ऐकणं हे अंगमेहनतीचं काम आहे. त्या दिवसांत फोनवर रडू आलं तर 'परत ये' म्हणण्याची घाई करू नका. अर्थात, त्या घरात मुलाला खरोखर असुरक्षित वाटत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा त्याच क्षणी शाळेला आणि कार्यक्रमाच्या जबाबदार व्यक्तीला कळवा. घर बदलून मागण्यात संकोच नको. घराची आठवण आणि भीती यांतला फरक ओळखायला मुलांना निघण्यापूर्वीच शिकवा.

शिक्षकांनी काय करावं

*जाण्यापूर्वी.* निदान तीन महिने आधी जोडीदारांचा परिचय करून द्या. पत्रं, आवाजी निरोप, महिन्यातून दोनदा अर्ध्या तासाचं टँडेम. मुलांकडून 'जगण्याची वाक्यं' पाठ करून घ्या : मला हे कळलं नाही, पुन्हा सांगाल का, हळू बोला, याला काय म्हणतात, माझं पोट भरलं, मला बरं वाटत नाही, मी मदत करू का. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. ज्या मुलाने पहिल्या दिवशी ताटल्या उचलायला मदत केली, त्याच्याशी बोलायला स्वयंपाकघरात कुणी ना कुणी असतंच.

*तिथे असताना.* रोजनिशी लिहायला सांगा, पण लांबलचक नको. दिवसाला तीनच गोष्टी : आज ऐकलेला नवा शब्द, आज अडलेलं वाक्य, आज वाटलेलं नवल. अडलेली वाक्यं हा तुमचा पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम समजा. पाठ्यपुस्तकात नसलेलं बरंच काही तुम्हाला त्यात सापडेल.

*परत आल्यावर.* इथे आपण सगळेच कमी पडतो. मूल परत येतं, फोटो दाखवतं, फलकावर एक वृत्तांत लागतो आणि विषय संपतो. दोन महिन्यांत बोलण्याचा ओघ आटायला लागतो. परतलेल्या विद्यार्थ्याला आठवड्यातून एक तास खालच्या वर्गासोबत बोलायला बसवा. त्याची भाषा टिकेल आणि खालच्या वर्गाला 'कुणी खरंच विचारणारं' मिळेल. व्याकरणाची अचूकता वाढवण्याचीही हीच वेळ, कारण आता त्याच्याकडे दुरुस्त करायला स्वतःची वाक्यं असतात.

पालकांसाठी : तुमचं घर लहान नाही

परतभेटीचा विषय निघाला की पालकसभेत शांतता पसरते. मग हळूच एक एक कारण येतं. आमचं घर लहान आहे. वेगळी खोली नाही. आम्हाला इंग्रजी नीट येत नाही. आमच्याकडे साधं जेवण असतं.

या प्रत्येकाला माझं उत्तर आहे. साधारणपणे पाहुण्या मुलाला स्वतःचा पलंग किंवा गादी आणि थोडी मोकळीक लागते. स्वतंत्र खोली असलीच पाहिजे असं नाही, तुमच्या मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर एका खोलीत राहणं चालतं. इंग्रजी येत नसेल तर उत्तमच, तुमच्या मुलाला दुभाषी व्हावं लागेल. आजी मराठीत विचारणार, पाहुणा जर्मनमध्ये उत्तर देणार आणि मध्ये तुमचा मुलगा. याहून चांगला तोंडी परीक्षेचा सराव मला तरी माहीत नाही. आणि साध्या जेवणाचं म्हणाल, तर तो मुलगा पोळी-भाजी खायलाच आलेला आहे. पिझ्झा त्याच्या गावातही मिळतो.

विमानाचं तिकीट ज्याला परवडत नाही, त्या मुलालाही परतभेटीमुळे विनिमयाचा अर्धा भाग मिळतो. गीझर कसा लावायचा, पाणी सकाळी सातपर्यंतच का येतं, चप्पल बाहेर का काढायची, पाहुणे निघताना आपण 'जातो' न म्हणता 'येतो' का म्हणतो, हे सगळं जर्मनमध्ये समजावून सांगताना त्या मुलाची भाषा तेवढीच धावते. शिवाय तो ज्या वस्तूंना हात लावतो त्यांची मराठी नावं पाहुणा विचारत राहतो, तेव्हा आपल्या भाषेकडेही मुलाचं नव्याने लक्ष जातं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की त्याची नोंद करावी लागते, हे शाळेने यजमान पालकांना आधीच समजावून द्यावं. आपलं मूल युरोपात जात असेल तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो, आणि त्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. आई-वडिलांची लेखी संमती, औषधांची यादी आणि ॲलर्जीची माहिती तिथल्या भाषेत भाषांतर करून सोबत द्या.

खर्चाचा प्रश्न, आणि जवळचा विनिमय

आता सगळ्यात अवघड मुद्दा. फ्रान्समधून जर्मनीत मूल रेल्वेने जातं. आपल्याला विमान लागतं. एका तिकिटाच्या पैशात आपल्यातल्या कित्येक घरांचे काही महिने निघतात. मग विनिमय फक्त ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठीच का?

तसं होऊ नये यासाठी काही दारं उघडी आहेत. जर्मन परराष्ट्र खात्याने २००८ मध्ये 'पाश' हा उपक्रम सुरू केला. त्यातून जगभरातल्या सुमारे दोन हजार शाळा जोडलेल्या आहेत आणि त्यांतल्या निवडक विद्यार्थ्यांना जर्मनीतल्या युवा भाषावर्गांसाठी शिष्यवृत्ती मिळते. जर्मनीची गोएथे इन्स्टिट्यूट आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन या नावाने ओळखली जाते, तिची केंद्रं पुण्यात आणि मुंबईत आहेत. जपान सरकारचा 'जेनेसिस' हा युवा विनिमय कार्यक्रम २००७ पासून चालू आहे. रोटरीचा युवा विनिमय तर यजमान घरांवरच उभा आहे. आपल्या शाळेसाठी यातलं काय शक्य आहे, याची चौकशी शाळेने करावी. एकट्या पालकाला ते जमत नाही.

निवड करताना शाळांनी एक पथ्य पाळावं. गुणांच्या यादीतली वरची नावं उचलणं सोपं असतं. पण सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी आठवा. गुणांवरून धीटपणा कळत नाही आणि गरजही कळत नाही. निदान काही जागा चिकाटी, जुळवून घेण्याची तयारी आणि घरची परिस्थिती पाहून द्याव्यात. आणि परतल्यावर खालच्या वर्गाला शिकवण्याची अट सगळ्यांनाच घालावी.

एवढं करूनही बहुतेक मुलं परदेशी जाणार नाहीत, हे आपण मान्य करू. त्यांच्यासाठी वर सांगितलेली परतभेट आहे, इंटरनेटवरचं टँडेम आहे आणि आणखी एक गोष्ट आहे, जी आपण पार विसरतो. परक्या भाषेच्या घरात राहण्याची गरज देशातल्या देशातही निर्माण करता येते.

साने गुरुजींनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली ती हीच. प्रांतोप्रांतीच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांकडे जावं-यावं, हे त्यांचं स्वप्न होतं. आणि नवोदय विद्यालयांमध्ये तर हे दरवर्षी घडतं. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला सुरू झाली. या विद्यालयांत नववीतली सुमारे तीस टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात राहायला जातात, हिंदी भाषक प्रदेशातली अहिंदी प्रदेशात आणि तिकडची इकडे. खेड्यातल्या मुलांसाठी, वसतिगृहासह, सरकारी खर्चाने. व्होल्तेर कार्यक्रमाच्या सहा महिन्यांचं कौतुक करताना आपल्याच जिल्ह्यातल्या या बारा महिन्यांची आठवण ठेवायला हवी.

सोलापूरच्या किंवा कोल्हापूरच्या शाळेला कर्नाटकातली कन्नड शाळा, नांदेडच्या शाळेला तेलंगणातली तेलुगू शाळा काही तासांच्या अंतरावर आहे. आठवडाभराची देवाणघेवाण, घरी मुक्काम, टँडेमचा नियम. खर्च एस.टी.च्या तिकिटाचा. जे मूल कन्नड घरात आठ दिवस निभावून आलं, त्याला उद्या जर्मन घरात 'हळू बोला' म्हणायची लाज वाटणार नाही. परक्या भाषेत अडायचं धैर्य एकदा आलं की ते कोणत्याही भाषेत कामाला येतं.

थोडक्यात

विनिमयाला पाठिंबा द्यायचा म्हणजे फक्त पैसे द्यायचे असं नाही. शिक्षकांनी जोडीदार शाळा शोधायची, आधी आणि नंतर तयारी करून घ्यायची. शाळेने गैरहजेरीचा बाऊ न करता ते शिक्षण म्हणून धरायचं आणि निवडीत न्याय ठेवायचा. पालकांनी मुलाला सोडायचं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्याच्या मुलासाठी दार उघडायचं. आणि हे जमण्यासारखं नसेल, तर शेजारच्या राज्यापासून सुरुवात करायची.

त्या मुलीचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. ती जर्मनीला गेली नाही, घरची परिस्थिती नव्हती. पण पुढच्या वर्षी आमच्याकडे परदेशी विद्यार्थ्यांचा एक छोटा गट आला, तेव्हा तिच्या आईने सर्वांत आधी हात वर केला. दोन खोल्यांचं घर. पाच दिवस एक जर्मन मुलगी तिच्या शेजारी गादी टाकून झोपली. सहाव्या दिवशी निरोपाच्या वेळी ती पाहुणी मुलगी म्हणाली, "तू मला विसरशील, तू मला लिहिणारच नाहीस."

आमच्या मुलीने क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाली, "डोख!"

तुमच्या शाळेत असा काही प्रयोग झाला असेल, किंवा या वर्षी करून बघणार असाल, तर जरूर कळवा. एकमेकांच्या अनुभवातून आपणही शिकू.